वाड्याला पुट्टी, जिनला ग्राइंडर: रंगाचा डबा उघडण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सेलूकडचा शंभरेक वर्षांचा वाडा, दगड-मातीच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा. तीन वर्षांपूर्वी घरातल्या लग्नासाठी आतून-बाहेरून पुट्टी मारून प्लास्टिक पेंट केला. आता ढेलजेत (दारालगतच्या बैठकीत) आणि माजघरात कमरेपर्यंत पोपडे सुटलेत, पांढरी खार फुटलीय. शिवाय तुमच्या भावाने बंद पडलेली जिनची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, इमारत घेतलीय, तिथे कार्यक्रमाचा हॉल आणि दोन-चार खोल्या करायच्या आहेत. पेंटरने दोन्हीकडे एकच उपाय सांगितलाय: सगळं ग्राइंडरने घासायचं, वॉटरप्रूफ पुट्टी भरायची, वर महागातला एक्स्टिरियर पेंट आणि सात वर्षांची गॅरंटी. करावं का?

नका करू. वाड्याला तर अजिबात नको. जिनमध्ये त्यातलं थोडं चालेल, पण जिथे चालेल ती जागा तुमच्या पेंटरने सांगितलेलीच नाही. आणि ती गॅरंटी नीट वाचा. जमिनीतून ओल चढणारी भिंत बहुतेक वेळा तिच्या अटींतून आधीच वगळलेली असते.

मी सव्वीस वर्षं रंगाच्या धंद्यात आहे. पहिली आठ-नऊ वर्षं संभाजीनगरात नव्या फ्लॅटांची कामं केली, मग जुन्या घरांकडे वळलो. वळलो म्हणजे एका वाड्यात तोंडावर आपटलो म्हणून वळलो. ते पुढे सांगतो.

आधी भिंत कशाची आहे ते नक्की करा. तुम्ही चुन्याचा गिलावा म्हणताय, पण आपल्याकडे दर्शनी बाजूला चुना, आत मात्र पांढऱ्या मातीचा गिलावा आणि त्यावर नुसते चुन्याचे हात, असं सर्रास सापडतं. गिलाव्याचा सुटलेला सुपारीएवढा खडा घ्या आणि ग्लासभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी गाळ झाला असेल तर माती. खडा तसाच असेल तर चुना किंवा सिमेंट. सिमेंट करडं आणि टणक, चाकूला दाद देत नाही. चुना पांढरट, चाकूने खरवडला जातो. मग रंग निघालेल्या जागी पाण्याचा शिपका मारून बघा. पाणी लगेच प्यायली तर ती भिंत चुन्याचा हात धरेल. ओघळ खाली आला तर वर अजून काहीतरी प्लास्टिक शिल्लक आहे. शेवटी बोटांच्या पेरांनी सगळी भिंत ठोकत चला. भद्द आवाज येईल तिथे खडूने गोल करा, तिथला गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. एवढं करायला एक सकाळ पुरते आणि खर्च शून्य. तुमच्या पेंटरने यातलं काही केलं होतं का, हे मला सांगायची गरज नाही, तुम्हीच आठवून बघा.

आता पोपडे का सुटले. जुन्या भिंतीच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी भिंतीत चढते. शंभर वर्षं ती चढतच होती, आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडून उडूनही जात होती. पुट्टी आणि प्लास्टिक पेंटने ती वाट बुजवली. ओल काही थांबली नाही, रंगामागे साचत गेली. पाण्याबरोबर मातीतले क्षार येतात; पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि त्यांचे खडे होताना ते जागा मागतात, गिलाव्याला आतून ढकलतात. आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो तो हाच. म्हणजे तुमचा रंग हलक्या प्रतीचा होता म्हणून सुटला नाही. चांगला, घट्ट, पाणी न सोडणारा होता म्हणून सुटला. आता पेंटर म्हणतो त्याहून घट्ट लावू.

मीही हेच केलं होतं. गोदाकाठच्या एका गावातला चौसोपी वाडा, भिंतीचा खालचा चार फूट गिलावा ढासळलेला. मी तेवढा सिमेंटचा करून दिला, वरून पाण्याला दाद न देणारा पेंट. दिवाळीला मालक खूश, पाहुण्यांना फिरवून दाखवत होते. पुढच्या आषाढात फोन आला. जाऊन बघतो तर ओल चार फुटांवरून सात फुटांवर गेलेली, सिमेंटच्या कडेच्या बरोबर वर, दोरी मारल्यासारखी सरळ रेघ. देवघराच्या कोनाड्याला चुन्यात ओढलेली कमान होती, पाकळ्या-पाकळ्यांची. तिच्या दोन पाकळ्या हाताला भुगा होऊन लागल्या. माझ्याबरोबर एक म्हातारा मिस्त्री होता. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "खालचं दार लावलाव आपण. आता ती वरच्या खिडकीतनं जायलीय." सिमेंट काढायला गेलो तर त्याच्याबरोबर दगडाच्या कडा निघून आल्या. मालकांचे पैसे मी परत केले, पण त्या पाकळ्या परत करता आल्या नाहीत.

तेव्हापासून माझा एकच हिशोब आहे: वरचा थर खालच्या थरापेक्षा मऊ पाहिजे. झिजायचंच असेल तर रंगाने झिजावं, मग गिलाव्याने, दगडाने कधीच नाही. माझं सगळं उत्तर या हिशोबातून आलेलं आहे.

म्हणून वाड्यात रंगाचा खर्च शेवटी धरा. आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. आपल्या गावांत पहिला संशयित रस्ता. सिमेंट रस्त्यावर पुन्हा सिमेंट रस्ता होतो आणि पूर्वी तीन पायऱ्या चढून उंबऱ्याला यायचं ती आता एकच उरते. म्हणजे दीड-दोन फूट भिंत रस्त्याखाली गेली, पावसाचं पाणी तिलाच टेकून उभं. भिंतीलगत हातभर रुंद चर काढून खडी भरा, पण त्या चराला उतार आणि पुढे निघायची वाट असलीच पाहिजे. काळ्या मातीत पायाशी पाणी मुरू दिलं तर माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मग ओल परवडली पण तडे नको अशी वेळ येते.

दुसरं माळवद, म्हणजे वरचं मातीचं सपाट छत. पन्हळी तुंबलेल्या नाहीत ना, पन्हळीचं तोंड भिंतीपासून पुढे आहे ना, माळवदावर पिंपळाचं रोप धरलंय का, ते बघा. तिसरं, न्हाणीघर जिथे नंतर काढलंय तिथली मागची भिंत. चौथं तर तुमच्या फोटोतच दिसतंय: माजघराला खालून तीन फूट टाइल्स. ओल झाकायला लावल्या असणार. त्या टाइल्सनी माझ्या त्या सिमेंटचंच काम केलंय. काढा.

अजून एक गोष्ट, यात रंगाचा काही संबंध नाही तरी सांगतो. भिंतीला पोट आलंय का, म्हणजे मधोमध बाहेर फुगलीय का, हे ओळंबा सोडून बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड दगड-मातीच्या भिंती पडल्या. बाहेरचा आणि आतला असे दोन पदर, मधे माती-गोटे, आणि दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड नाहीत. हादऱ्यात पदर सुटे झाले आणि माळवदाचं ओझं खाली आलं. पोट आलेल्या भिंतीला मी हात लावत नाही. आधी इंजिनिअर, मग मी. पुट्टीने तडा बुजवून भिंत सरळ दिसते, सरळ होत नाही.

टाइल्स आणि सुटलेला रंग काढला की भिंतीला एक पूर्ण उन्हाळा द्या. आपल्या मराठवाड्यात दुसरं काही फुकट मिळत नसेल, पण चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन मिळतं. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. खार बाहेर येत राहील. ती कोरड्या ब्रशने झाडायची, पाण्याने धुवायची नाही; धुतली की विरघळून पुन्हा भिंतीत शिरते. झाडलेली खार सुपलीत भरून लांब टाका. भिंतीच्या पायाशी झटकली तर पहिल्या पावसात ती परत घरात येते.

रंग काढताना ग्राइंडर नको. तो पेंट, पुट्टी, जुना चुना आणि त्याखालचा घोटलेला गिलावा असं सगळं एकदम उडवतो. भिंत ओलसर करून पत्रीने (खरवडायच्या पातळ पात्याने), हाताने काढा. वेळ लागतो, मजुरी लागते, म्हणून सगळा वाडा एकदम काढू नका. ओल पाच फुटांच्या खाली आहे. वरच्या कोरड्या भिंतीवर प्लास्टिक पेंट धरून बसला असेल तर या वर्षी तो राहू द्या. तिथे तो कुरूप दिसेल, पण घातक नाही. माझ्या ओळखीतल्या काही मंडळींना हे पटत नाही, त्यांना सगळं मूळ रूपात पाहिजे असतं. मी म्हणतो, पैसे ज्याचे त्याला आधी विचारा.

आणि पत्री चालवायच्या आधी ढेलजेत दोन-तीन ठिकाणी खिडक्या उघडा. खिडकी म्हणजे चार बोटांचा चौकोन, ब्लेडच्या टोकाने एकेक थर मागे घेत केलेला, पायऱ्या-पायऱ्यांचा. मानवतजवळच्या एका घरात मी असा चौकोन उघडत होतो. वर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, खाली गुलाबी डिस्टेंपर, मग निळसर चुना, पुन्हा निळसर, पिवळा, पांढरा, परत पांढरा. मग अचानक कावेची एक बारीक लाल रेघ. ब्लेड आडवं धरून श्वास रोखून अजून बोटभर सरकलो तर ती रेघ वेलीचा देठ निघाली. सगळ्या ढेलजेला छातीच्या उंचीवर वेलबुट्टीचा पट्टा होता आणि घरातल्या कुणालाही, नव्वदीच्या आजींनासुद्धा, तो माहीत नव्हता. ग्राइंडर असता तर अर्ध्या तासात धुरळा. सगळीकडे असं सापडत नाही, बहुतेक ठिकाणी नुसते पांढरे थर मिळतात. पण बघायला काय जातं?

आता चुना. कळीचा चुना म्हणजे भाजलेली चुनखडी. ती नऊशे अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ती पाण्यात विरवली की उकळते, आणि भिंतीवर लावली की हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेत हळूहळू परत चुनखडी होते. भिंतीवर दगडाचाच पातळ थर चढतो, छिद्रं उघडी ठेवून. म्हणून तो पोपडा धरून फुगत नाही, झिजतो.

विरवायचा असेल तर पिंप लोखंडी घ्या, प्लास्टिकचं वाकडं होतं. आधी पाणी, मग त्यात थोडा-थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, तोंडावर उडतो. डोळ्याला चष्मा, हातात रबरी मोजे, पोरं लांब. डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे निघायचं. यात हयगय नको, मी एका पोराचा डोळा थोडक्यात वाचलेला पाहिलाय. विरलेला चुना पाण्याखाली झाकून निदान तीन महिने मुरू द्या. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. वरची निवळी फेकू नका, भुसभुशीत झालेल्या गिलाव्यावर ती सात-आठदा फवारली की थोडीफार पकड येते. पिशवीतला हायड्रेटेड चुना चालतो का, हे सगळेच विचारतात. ताजा असेल तर चालतो. दुकानात वर्षभर हवा खाल्लेला असेल तर तो पिशवीतच खडू झालेला असतो.

पाणी गोडं घ्या. बोअरच्या खाऱ्या पाण्यात चुना कालवणं म्हणजे ज्या क्षारांना आपण घालवतोय तेच कुंच्याने भिंतीला लावणं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणत होते, तेव्हा तिकडचं एक चालू काम मी पावसाळ्यापर्यंत बंद ठेवलं. मालक म्हणाले बोअर आहे ना. बोअर होता, पण त्याच्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसत होता.

लावायची पद्धत: मुरलेला चुना फडक्यातून गाळून दुधाइतका पातळ करायचा. भिंत आधी ओलसर करायची. पहिला हात लावला की भिंत आरपार दिसते, ताकाचं पाणी फासल्यासारखी. इथेच मालक घाबरतात आणि पेंटर चुना घट्ट करतो. घट्ट चुन्याचे पापुद्रे सुटतात. पातळच ठेवा, चार-पाच हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. प्रत्येक हातानंतर हलकी फवारणी, आणि ऊन येणाऱ्या भिंतीपुढे ओलं गोणपाट टांगा. चुना भरभर वाळला तर तो पक्का होत नाही, नुसती भुकटी होऊन हाताला लागतो. म्हणून हे काम दसऱ्यानंतर ते माघापर्यंत. एप्रिलात लग्न आहे म्हणून मार्चात चुना, असं करू नका.

रंगासाठी काव (तांबडी माती), पिवडी (पिवळी माती), काजळी, नीळ ही चुन्यात टिकणारी मंडळी. मशीनवर टोचून काढलेले भडक रंग बरेचदा चुन्याच्या तिखटपणात उडतात. रंगाची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवा आणि चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नका, नाहीतर तो धरत नाही. ओला रंग बघून ठरवू नका, वाळल्यावर खूप फिका पडतो. भिंतीवरच हातभर नमुने काढा आणि तीन दिवसांनी निवडा. आपल्याकडच्या जुन्या ओसऱ्यांचा तो बदामी रंग पिवडीत चिमटीभर काव टाकून मिळतो. आतल्या खोल्यांत साय काढलेलं दूध थोडं मिसळलं तर अंगाला लागणं कमी होतं. पूर्ण थांबत नाही. ढेलजेत बसणारे पाठ टेकणारच, तिथे लोड-तक्के ठेवा, पूर्वीही त्याचसाठी असायचे.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद घालायच्या कृती तुम्हाला मोबाइलवर येतीलच. ही द्रव्यं बांधकामाच्या आणि गिलाव्याच्या चुन्यात घालत असत. चुन्याच्या हातात गूळ घातला तर मुंग्यांची सोय होते. मातीचा गिलावा निघाला असेल तर दुरुस्तीही मातीनेच करा, गव्हाचा भुस्सा कुजवून त्यात मळा. धागा असला की माती तडकत नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले सापडले आहेत, तेव्हा युक्ती जुनी आहे. आणि कुणाला चकाकी हवीच असेल तर बीबी का मकबरा जवळून बघून या. संगमरवर घुमटाला आणि खालच्या भागात आहे, मधलं बरंचसं काम दगडावर घोटलेल्या गिलाव्याचं. चुन्याला चमक आणायला ऑइलपेंट लागत नाही, घोटणारा हात लागतो. तो हात आता महाग झालाय, हेही खरं.

लाकडाबद्दल. ढेलजेचे खांब आणि दाराची चौकट सागवानी आहे, वर ऑइलपेंटचे थर. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या प्रत्येक थराबद्दल शंका धरायची. ब्लोलॅम्पने जाळून काढायचा नाही, कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही. रिमूव्हर लावून, ओलं ठेवून काढायचा, तोंडाला चांगला मास्क, कचरा ओल्या फडक्याने उचलायचा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना तेवढे दिवस दुसरीकडे पाठवायचं. कॉस्टिकच्या हौदात दारं बुडवणारे लोक असतात, त्यांना देऊ नका. साग काळा पडतो आणि सांधे सुटतात.

लाकूड मोकळं झालं की वाळवी बघून घ्या, मग टर्पेंटाइनने पातळ केलेलं जवसाचं तेल, तीन-चार हात, प्रत्येक हात पुसून घेत. आणि तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. आम्ही एकदा दुपारी जेवायला बसलो असताना परसात ठेवलेल्या बादलीतून धूर निघाला. नशीब, बादली पत्र्याची होती आणि आम्ही जागेवर होतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळत घाला.

आता जिन. १९०० च्या सुमारास मनमाडहून जालना, परभणी, नांदेडवरून हैदराबादकडे रेल्वे लाइन झाली आणि आपल्या भागात जिन-प्रेसना दिवस आले. तुमच्या भावाची इमारत विटांची, लोखंडी कैच्यांची (छत पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांची), बीडाच्या खांबांची. (बीड म्हणजे ओतीव लोखंड. माझा एक बीडचा पोरगा दर वेळी यावर हसतो.) या इमारतीचं दुखणं वाड्यासारखं नाही. इथे ओल कमी, तेल आणि गंज जास्त.

आतल्या विटांवर चुन्याचे थर दिसतील, खूप. कारण २०२५ पर्यंत लागू असलेल्या कायद्यात आहे: १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ११ व्या कलमात, जिथे ऑइलपेंट वगैरे नाही अशा भिंतींना दर चौदा महिन्यांत एकदा तरी सफेदी करायची सक्ती होती. परभणीकडच्या एका जिनमध्ये मी नखाएवढा पापुद्रा कडेने भिंगाखाली धरून थर मोजायला लागलो, तीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. हे थर जाड झाले की स्वतःच्या वजनाने सुटतात. सुटणारे तेवढे पत्रीने काढा, धरून बसलेले ठेवा, वर दोन पातळ हात चुना. वीट उघडी करायची फॅशन आलीय, त्यासाठी सँडब्लास्टिंग सांगतील. ते नको. भट्टीत विटेवर जी पक्की कातडी येते ती त्याने निघते, आतली वीट मऊ असते आणि मग पाणी पीत बसते. शिवाय वाळूची ती धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, त्याला औषध नाही. वीट उघडीच हवी असेल तर एकच भिंत निवडा, पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन. भिंतीवर जुनी अक्षरं सापडली, उर्दूत असोत की मराठीत, गाठींचे आकडे असोत, ती तशीच राहू द्या. हॉलला त्याहून चांगली सजावट पैसे देऊन मिळत नाही.

मशीन जिथे होती तिथल्या विटांत तेल मुरलेलं असेल. त्यावर कुठलाच रंग धरत नाही, महागातलाही नाही. मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्या, वर प्लास्टिक, दोन दिवसांनी काढा, असं तीन-चारदा. जवळपास बिडी नको, वेल्डिंग नको. तरीही डाग उरेल तिथे वरचं बोटभर काढून वीट बदला किंवा डाग कबूल करा. मी कबूल करायच्या बाजूचा आहे.

कुठलंही गरम काम सुरू करण्याआधी कैच्यांवर बसलेला कापसाचा धुरळा काढून घ्या, व्हॅक्युमने. वर्षानुवर्षांचा आहे, एक ठिणगी पुरते. आणि छताला सिमेंटचे नाळीदार पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते घासायचे नाहीत, कापायचे नाहीत, प्रेशरने धुवायचे नाहीत. बदलायचे असतील तर त्या कामातली माणसं बोलवा, रंगाऱ्याचं ते काम नाही.

तुमच्या पेंटरचं घासकाम चालेल ती जागा म्हणजे लोखंड, पण तिथेही आधी खालचा थर बघा. नारिंगी दिसला तर तो शेंदूर असण्याची शक्यता मोठी. पूर्वी लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत, आणि शेंदूर म्हणजे शिसंच. तो घट्ट बसला असेल तर काढूच नका, गंज रोखायला तो चांगला थर आहे. गंजलेल्या जागा तेवढ्या ओल्या करून घासा, पुसा, वाळू द्या आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर मारा. उद्यावर टाकलं तर रात्रीच्या दवात पुन्हा तांबूस होतं. बीडाचे खांब पोकळ असतील तर आतून छताचं पाणी उतरतंय का बघा, काही जुन्या गिरण्यांत तशी सोय असायची. तसं असेल आणि खाली वाट तुंबली असेल तर बाहेरून कितीही रंगवा, खांब आतून कुजतो. लोकांची गर्दी जमणार आहे म्हणून कैच्यांना आग लागल्यावर फुगणारा रंग लागेल का, हे फायरच्या परवानगीच्या वेळीच विचारून घ्या. साडेपाचशे अंशांच्या आसपास लोखंडाची निम्मी ताकद जाते. तो रंग किती जाडीचा, हे त्या कैचीच्या मापावर ठरतं, अंदाजाने नाही.

दरपत्रकाचं एकच सांगतो. चौरस फुटावर दर दिला की पेंटरला घासायची आणि झाकायची घाई असते. काढणं, वाळवणं आणि नमुना यांचे पैसे वेगळे, रोजंदारीवर धरा. रंगाचा दर वेगळा. इमारत संरक्षित स्मारकापासून तीनशे मीटरच्या आत असेल तर दुरुस्तीला परवानगी लागू शकते, तेही आधी बघा.

तूर्त तुम्ही दोनच गोष्टी करा. माजघराच्या टाइल्स या आठवड्यात काढा, आणि ओल जिथपर्यंत चढलीय तिथे भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी नवी रेघ. मृगाआधीची शेवटची रेघ कुठे आहे ते मला कळवा, मग चुना किती विरवायचा ते सांगतो.